एकवीस किलोमीटर आणि एक सोबती : हाफ मॅरेथॉन चालण्याची गोष्ट

"डॉक्टर, धावणं काही आपल्याच्यानं होणार नाही. पण आम्ही दोघी मिळून हाफ मॅरेथॉन चालून काढायचं म्हणतोय. चालेल ना?"

दिवाळी झाली, धान घरात आलं, पहाटे शाल घ्यावीशी वाटू लागली की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले असतात. कुणाची रक्तदाबाची गोळी सुरू असते, कुणाची साखर नुकतीच सापडलेली असते. कुणी वर्षभर नेमानं सकाळी फिरलेलं असतं आणि आता काहीतरी मोठं करून बघावं असं मनात आलेलं असतं.

बहुतेकांना माझं उत्तर "हो" असंच असतं. त्या प्रश्नातला "दोघी मिळून" हा भाग मला विशेष आवडतो आणि आजचा लेख त्याच्यासाठीच आहे. एवढं अंतर एकट्यानं कापताना माणसांचं काय झालं, सोबतीनं कापताना काय झालं, हा इतिहास मोठा बोलका आहे. तुमच्या तब्येतीच्या दृष्टीनं तो कामाचाही आहे.

हा आकडा आला कुठून?

हाफ मॅरेथॉनचं अंतर २१.०९७५ किलोमीटर. इतका काटेकोर आकडा बघितला की वाटतं, शास्त्रज्ञांनी माणसाचं हृदय, फुप्फुसं, गुडघे तपासून तो ठरवला असणार. तसं काहीच झालेलं नाही.

इ.स.पूर्व ४९० मधली मॅरेथॉनची लढाई आणि विजयाची बातमी घेऊन अथेन्सपर्यंत धावत गेलेला, बातमी सांगून जागीच कोसळलेला तो निरोप्या, ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. गंमत अशी की त्या काळाला सर्वांत जवळचा इतिहासकार हेरोडोटस ही गोष्ट सांगतच नाही. तो सांगतो ते निराळं आहे. लढाईच्या आधी मदत मागायला एक निरोप्या अथेन्सहून स्पार्टाला धावत गेला, म्हणजे जवळपास २४० किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी पोचला. तो मेला वगैरे काही नाही. कोसळून मरण्याचा प्रसंग पाच-सहाशे वर्षांनंतरच्या लेखकांनी घातला. १८७९ मध्ये रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीनं त्यावर कविता केली आणि गोष्ट जगभर गेली. १८९६ मध्ये अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक भरलं, तेव्हा मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषातज्ज्ञाच्या सुचवणीवरून मॅरेथॉनची शर्यत ठेवली गेली. अंतर होतं साधारण ४० किलोमीटर. ती जिंकली स्पिरिडॉन लुईस या पाणक्यानं, २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत.

मग ४२.१९५ कुठून आले? १९०८ च्या लंडन ऑलिंपिकात शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. तेवढं अंतर भरलं ४२.१९५ किलोमीटर. १९२१ मध्ये तेच कायम केलं गेलं. तुम्ही जे २१.०९७५ किलोमीटर चालणार आहात, ते त्या लंडनच्या रस्त्याचं निम्मं. त्यामुळे "बावीस झाले तर चालेल का, एकोणीसच झाले तर?" या काळजीत पडू नका. शरीराला त्या आकड्याचं काही पडलेलं नाही.

आपल्या मापात सांगायचं तर भंडारा शहरातून वरठीचं भंडारा रोड स्टेशन साधारण दहा किलोमीटर. गाडी पकडायला पायी निघायचं, गाडी चुकली म्हणून तसंच पायी परत यायचं आणि घरी पोचल्यावर मीठ विसरलं म्हणून पुन्हा एकदा बाजारात जायचं. झाली हाफ मॅरेथॉन. पावलं मोजलीत तर २८ ते ३० हजार भरतील. ताशी सहा किलोमीटरच्या झपाट्यानं चाललात तर साडेतीन तास, ताशी पाचच्या चालीनं सव्वाचार तास. हा वेळ लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

मदत केली म्हणून बाद

खरं सांगायचं तर मला त्या निरोप्याची गोष्ट डॉक्टर म्हणून फारशी आवडत नाही. एक माणूस एकटा धावतो, त्याला थांबवणारं कुणी नाही, पाणी देणारं कुणी नाही, चेहरा पांढराफटक पडला हे बघणारं कुणी नाही, आणि त्याच्या मरणाचं आपण कौतुक करतो. सुरुवातीच्या मॅरेथॉन शर्यती थेट याच कौतुकातून भरवल्या गेल्या.

१९०४ ची सेंट लुईसची शर्यत बघा. धुळीचा रस्ता, तीस अंशांच्या वरचं ऊन आणि वाटेत पाणी जवळजवळ नाहीच. शरीर पाण्यावाचून किती टिकतं हे आयोजकाला बघायचं होतं! ३२ जण निघाले, १४ पोचले. विजेता थॉमस हिक्स याला त्याच्या मदतनिसांनी वाटेत ब्रँडी आणि स्ट्रिकनीन पाजलं. स्ट्रिकनीन म्हणजे उंदीर मारायला वापरतात ते विष. तेव्हा ते थोड्या मात्रेत उत्तेजक समजलं जाई. आज कुणी स्ट्रिकनीन घेत नाही. पण "गुडघा दुखू नये म्हणून आधीच एक दुखण्याची गोळी घेऊन निघतो" असं म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. चार तास घाम गाळायचा आणि पोटात डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असायचं, हा मूत्रपिंडाला दिलेला त्रास आहे. दुखण्याची गोळी घेऊन चालायला निघू नका.

१९०८ मध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांच्या आधी स्टेडियममध्ये शिरला. पण तोवर त्याचं भान हरपलं होतं. तो उलट्या दिशेला वळला, पडला, उठला, पुन्हा पडला. पंचांना आणि डॉक्टरांना राहवेना. त्यांनी त्याला उठवलं, हाताला धरून रेषेपार नेलं, आणि मदत घेतली म्हणून तो बाद ठरला. दुसऱ्या दिवशी राणीनं त्याला वेगळा चषक दिला, पण पदक गेलं ते गेलंच. १९१२ मध्ये स्टॉकहोमला पोर्तुगालच्या फ्रान्सिस्को लाझारोनं उन्हाचा चटका बसू नये म्हणून अंगाला मेण चोपडलं होतं. घाम बाहेर पडायची वाटच बंद झाली. तो वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला.

आपल्याकडची पहिली मोठी मॅरेथॉन-कथाही याच काळातली आहे. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यातली शेतकरी माणसं बघून ते चकित झाले आणि पुढच्या वर्षी बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याचं त्यांनी मनावर घेतलं. त्या तुकडीत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन तर नेहमीपेक्षाही लांब होती, ४२.७५ किलोमीटर. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत १९ वे आले. बोटीचा प्रवास, परका देश, परकं हवामान, आणि तरी १९ वे! या माणसाचं नाव आपल्या मुलांना माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

चालणाऱ्यांची रीत वेगळी

एकीकडे या शर्यती चालू होत्या, तेव्हा आपली माणसं त्याहून लांब अंतरं चालतच होती. त्याला कुणी स्पर्धा म्हणत नव्हतं, एवढंच. महाशिवरात्रीला गायमुखला, प्रतापगडला पायी जाणारी माणसं तुमच्याही घरात असतील. रोवणीच्या दिवसांत घरापासून बांधीपर्यंत, एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर आणि संध्याकाळी परत, या चालण्याचे किलोमीटर कुणी मोजले?

सर्वांत मोठं उदाहरण अर्थातच पंढरीच्या वारीचं. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सुमारे २५० किलोमीटर, वीस दिवसांच्या आसपास. पुणे ते सासवड हा एकच टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास भरतो आणि त्यात दिवेघाटाची चढण. म्हणजे हाफ मॅरेथॉन संपते तिथं वारकरी अजून घाट चढत असतो, आणि त्यात सत्तरीच्या आजीही असतात. मला यात भक्तीइतकीच व्यवस्थाही दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यात चालणारा एकटा नसतो. तो कुठल्या तरी दिंडीतला असतो. दिंडीला क्रमांक असतो, रथापुढे की मागे ही जागा ठरलेली असते, पाण्याचा हंडा घेतलेली बाई असते, मुक्कामाला चुलीची सोय असते. कुणी मागे राहिलं तर शेजारच्याला कळतं. तोंडानं अभंग चालू असतो, त्यामुळे पावलांचा वेगही आपोआप गाता येईल एवढाच राहतो. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिच्याकडे परत येऊ.

झटक्यानंतर अंथरुणातून मॅरेथॉनपर्यंत

"माझी अँजिओप्लास्टी झालीय, मी एवढं चालू शकतो का?" असं विचारणाऱ्यांसाठी हा भाग.

हृदयाच्या दुखण्याचं पहिलं नेमकं वर्णन इंग्लंडच्या डॉ. विल्यम हेबर्डन यांनी केलं, ते १७७२ मध्ये छापलं गेलं. त्यांनी ज्याला अंजायना म्हटलं, ते चालणाऱ्या माणसाचं दुखणं होतं. चालताना, त्यातही चढावर किंवा जेवल्यावर लगेच चालताना, छातीत आवळल्यासारखं होतं आणि उभं राहिलं की थांबतं. अडीचशे वर्षं झाली, या लक्षणाचं वर्णन बदलायची गरज पडलेली नाही. सरावात तुम्हाला असं झालं, किंवा दुखणं जबड्याकडे, डाव्या हाताकडे गेलं, तर "गॅस असेल" म्हणून पुढे चालू नका. थांबा, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. याच हेबर्डन यांच्या लिखाणात एक रुग्ण आहे. तो रोज अर्धा तास लाकडं कापायचा आणि त्याचं दुखणं जवळजवळ बरं झालं. ही नोंद १८०२ मध्ये छापून आली, आणि पुढची दीडशे वर्षं आम्ही डॉक्टरांनी तिच्याकडे सोयीस्कर काणाडोळा केला.

कारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्ट अटॅकनंतरचा उपचार म्हणजे कित्येक आठवडे अंथरुणात सक्त विश्रांती. कूस बदलायलाही परवानगी नाही. १९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवलं, तेव्हा ते धाडस वाटलं होतं. खुर्चीत बसवणं! पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, लंडनच्या जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला. तेच शहर, त्याच बस, पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त आणि दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. वीस वर्षांनी, १९७३ मध्ये, टोरांटोच्या डॉ. टेरेन्स कॅव्हॅना यांचे हृदयरुग्ण बोस्टनची मॅरेथॉन पूर्ण करून आले. अचानक उठून नाही. तपासण्या करून, महिनोन्महिने चालत, हळूहळू वाढवत आणि गटानं.

त्याच वर्षी हवाई बेटांवर डॉ. जॅक स्कॅफ या हृदयरोगतज्ज्ञांच्या पुढाकारातून होनोलुलू मॅरेथॉन सुरू झाली. तिला वेळेची मुदत ठेवलेली नाही. शेवटचा माणूस येईपर्यंत रेषा उघडी. चालणाऱ्यांना मॅरेथॉनमध्ये मानानं जागा मिळाली ती अशा ठिकाणी. आपल्याकडे बऱ्याच स्पर्धांत हाफ मॅरेथॉनला तीन-साडेतीन तासांची मुदत असते, म्हणून नाव देण्याआधी ती विचारून घ्या. सव्वाचार तासांची चाल असेल आणि मुदत तीन तासांची असेल, तर मागून गाडी येते, मंडप सोडायला लागलेले असतात आणि माणूस घाबरून शेवटी धावायला लागतो. न सवयीचं ते शेवटचं धावणंच धोक्याचं.

म्हणून अँजिओप्लास्टी, बायपास किंवा झटका झालेल्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून, गरज असेल तर ट्रेडमिलची तपासणी करून, मगच सराव धरावा. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, पायऱ्या चढताना धाप लागते किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनीही आधी विचारावं. विचारलंत की बहुतेक वेळा "नाही" ऐकायला मिळत नाही, "या वर्षी दहा, पुढच्या वर्षी एकवीस" असं ऐकायला मिळतं.

पाणी : आधी बंदी, मग अति

१९०४ चं पाणी न देण्याचं खूळ पुढे बराच काळ टिकलं. धावताना पाणी पिणं हे कच्चेपणाचं लक्षण मानलं जाई. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या मोठ्या संस्थेनं तासाला ६०० ते १२०० मिलिलिटर, म्हणजे सोसेल तितकं पाणी प्यायला सांगितलं. बाटलीबंद पेयं विकणाऱ्यांना हे आवडलं हे सांगायला नको.

आता तुमचे सव्वाचार तास आठवा. तासाला १२०० मिलिलिटर म्हटलं तर चालणारा माणूस पाच लिटर पाणी पिणार. त्याला धावणाऱ्याइतका घाम येत नाही. जास्तीचं पाणी रक्तात साठतं, रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये अशानं एका तरुण महिलेचा मृत्यू झाला. त्याच शर्यतीतल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. कोणाचं? ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं त्यांचं, आणि ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला त्यांचं. म्हणजे हळू चालणाऱ्यांचं, सावधपणे प्रत्येक टेबलावर थांबून ग्लासभर पिणाऱ्यांचं.

म्हणून आजचा सल्ला साधा आहे. तहान लागेल तसं प्या. प्रत्येक ठिकाणी ग्लास रिकामा करायची सक्ती नाही. सोबत थोडं खारं खा. सरावाच्या एखाद्या लांब दिवशी निघताना आणि आल्यावर वजन करून बघा. थोडं घटलं तर ठीक, वाढलं तर तुम्ही जास्त प्यालात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांचं आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या घेणाऱ्यांचं सोडियम लवकर उतरतं, त्यांनी डॉक्टरांशी आधी बोलावं. मळमळ, डोकं ठणकणं, बोटातली अंगठी घट्ट होणं आणि असंबद्ध बोलणं ही लक्षणं आहेत. यातलं शेवटचं ज्याला होतं, त्याला स्वतःला कळत नाही.

आपल्या भागाची एक वेगळी गोष्ट

परदेशातल्या मॅरेथॉनच्या पुस्तकांत सापडणार नाही, पण भंडाऱ्यात सांगायलाच हवी अशी गोष्ट म्हणजे सिकलसेल. १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशींचं वर्णन पहिल्यांदा केलं. भारतात त्या १९५२ मध्ये निलगिरीत आढळल्या, आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. विदर्भाच्या या पूर्वेकडच्या पट्ट्यात ज्यांच्या अंगात हा गुण आहे पण आजार नाही, असे वाहक पुष्कळ आहेत आणि त्यातल्या अनेकांना ते माहीतच नसतं. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत तपासणीवर भर आहे तो यासाठीच.

याचा चालण्याशी संबंध काय? १९७० मध्ये अमेरिकेच्या टेक्सासमधल्या एका सैनिकी तळावर प्रशिक्षणात दगावलेल्या चार जवानांची माहिती छापली गेली. चौघंही फक्त वाहक होते. त्यानंतर वाहकांना घाबरवण्याचाच काळ आला. पण २०१६ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या जवळपास ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास झाला, त्यात वाहकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त निघाले नाहीत. अतिश्रमानं स्नायू फुटण्याचा धोका मात्र जास्त निघाला.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. वाहक असाल तर तुम्ही चालू शकता, नक्की चालू शकता. पण वाहकाच्या मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवणं जरा कमी जमतं, म्हणून तुम्ही दिवसभर पाण्यावाचून राहून सरावाला येऊ नका, ताप-जुलाब असताना चालू नका, सराव एकदम वाढवू नका आणि शेवटच्या किलोमीटरला इर्षेनं धावू नका. मांड्या किंवा पाठ विलक्षण दुखू लागली, लघवी चहासारखी काळसर झाली, तर लगेच रुग्णालय. ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, त्यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशिवाय हा बेत आखू नये. आणि तुमची तपासणी झालीच नसेल तर सरकारी रुग्णालयात ती करून घ्या, दोघांनीही.

सोबती काय कामाचा?

१९६७ ची बोस्टन मॅरेथॉन. तिथं तेव्हा बायकांना प्रवेश नव्हता. कॅथरीन स्विट्झर नाव नोंदवून उतरली, तेव्हा एका आयोजकानं तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला. तिच्यासोबत धावणाऱ्या तिच्या मित्रानं त्याला ढकलून बाजूला केलं आणि ती शेवटपर्यंत गेली. सुदैवानं तुमच्यावर तशी वेळ येणार नाही. तुमच्या सोबत्याची कामं याहून शांत आहेत.

पहिलं काम बोलण्याचं. वारकऱ्याच्या अभंगाबद्दल वर म्हटलं ते हेच. चालताना सलग वाक्य बोलता येत असेल, तर हृदयावरचा भार बेताचा आहे. दोन-दोन शब्दांवर दम घ्यावा लागत असेल तर वेग जास्त झाला. आम्ही डॉक्टरही ही बोलण्याची चाचणी वापरतो आणि महागड्या घड्याळापेक्षा तिच्यावर माझा जास्त विश्वास आहे, विशेषतः बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी. त्या गोळीनं नाडी मुळातच हळू पडते, त्यामुळे घड्याळातला आकडा फसवतो. पण ही चाचणी एकट्याला कशी करता येणार? समोर ऐकणारं कुणी हवं. गप्पा संपल्या तर भेंड्या लावा. दोघांमध्ये ज्याची चाल हळू, त्याची चाल दोघांची.

दुसरं काम बघण्याचं. साखर उतरली, ऊन लागलं किंवा सोडियम घसरलं, तर सुरुवातीची खूण एकच असते, माणूस त्याच्यासारखा वागत नाही. चिडतो, हसतो, पाय वाकडे टाकतो, विचारलं तर "मला काही नाही" म्हणतो. पिएत्री उलटीकडे वळला तेव्हा त्याला ती वाट बरोबरच वाटत असणार. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी साखरेच्या पुड्या स्वतःच्या खिशाबरोबर सोबत्याच्या खिशातही ठेवाव्यात, आणि "मी उलटसुलट बोलायला लागलो तर मला विचारू नकोस, तोंडात साखर दे" असं आधीच सांगून ठेवावं. पण माणसाला गिळता येत नसेल, शुद्ध हरपत असेल, तर तोंडात काहीही घालू नका. सरळ १०८ ला फोन करा. ऊन लागून बरळणाऱ्याला आधी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, गाडीची वाट बघत बसू नका.

तिसरं काम पडू नये, पण शिकून ठेवावं. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनमध्ये उतरलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांपैकी ५९ जणांचं हृदय बंद पडलं. हाफ मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण पूर्ण मॅरेथॉनपेक्षा बरंच कमी होतं, लाखात ०.२७. इतकी दुर्मीळ गोष्ट आहे ही, घाबरू नका. पण त्यातून कोण वाचलं हे पाहिलं, तर शेजारच्या माणसानं तिथल्या तिथं छाती दाबायला सुरुवात केली होती ते प्रामुख्यानं वाचले. २०२५ मध्ये याच मंडळींनी पुढच्या वर्षांचे आकडे दिले. हृदय बंद पडण्याचं प्रमाण तेवढंच राहिलं, पण मृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं. छातीवर दाब देण्याची ही पद्धत १९६० मध्ये बाल्टिमोरच्या कौवेनहोवेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मांडली. तिला यंत्र लागत नाही, दोन हात लागतात. छातीच्या मधोमध, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत. दोघांनी मिळून एका दुपारी हे शिकून घ्या. जिल्हा रुग्णालयात विचारलंत तर कुठे शिकता येईल ते सांगतील.

सरावाला निदान चार महिने द्या. सध्या रोज अर्धा तास फिरत असाल, तर आठवड्यातून एकच दिवस लांब चाला. पहिल्या रविवारी पाच किलोमीटर, मग दर आठवड्याला एखादा किलोमीटर जास्त, आणि दर चौथ्या आठवड्याला थोडं कमी. सतरा-अठरापर्यंत पोचलात तर पुरे, बाकीचे त्या दिवशी होतात. मधुमेह असेल तर प्रत्येक वेळी घरी आल्यावर तळपाय उजेडात बघा. कुठे फोड आहे का हे एकमेकांचे पाय बघून सांगायलाही हरकत नाही. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. नॅशनल हायवेच्या कडेनं चालू नका, हिवाळ्यात तिथं पहाटे धुकं असतं आणि ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. गावाकडचा रस्ता धरा आणि उजव्या बाजूनं चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी तुम्हाला दिसेल. चार महिने मागे मोजून पावसाळा ओसरताच सराव धरलात तर स्पर्धा डिसेंबर-जानेवारीत येते. दिवाळीनंतर उठलेल्यांनी या हंगामात दहा किलोमीटर करावं. फेब्रुवारीनंतरची स्पर्धा पहिल्यांदा चालणाऱ्यांनी धरू नये. मार्चात आपल्याकडे नऊ वाजताच चटका बसू लागतो, आणि तुमचे शेवटचे सहा-सात किलोमीटर नेमके त्याच वेळी येतात.